चारशे बारा पोळ्या आणि रिकामी वीटभट्टी

२४ मार्च २०२४, रविवार, रात्रीचे साडेआठ. जळगावच्या बाहेर गिरणा नदीच्या अंगाला एक वीटभट्टी आहे, तिथं आमच्या कॉलनीचा छोटा हत्ती टेम्पो उभा होता. गाडीत केळी भरायचे आठ क्रेट, धुऊन पुसून आत केळीची पानं अंथरलेले, आणि त्यांत मोजून चारशे बारा पुरणपोळ्या. समोर वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडे मजुरांची खोपटं. एकाही खोपटापुढं चूल पेटलेली नव्हती. एक कुत्रं तेवढं उठून आलं. मागोमाग बॅटरी घेऊन राखणदार आला, क्रेटांकडे बघितलं आणि म्हणाला, "समदा होळीले गयात ना ताई. भोंगऱ्याले. आते आठ-दहा दिन कोनी येत नही."

आम्ही सहा जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

कॉलनीच्या उत्सव समितीची वही माझ्याकडे असते. बँकेत नोकरी करते म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. त्या होळीचा आणि त्यानंतरच्या होळीचा सगळा हिशेब त्या वहीत आहे. काही ओळखीच्या कॉलन्यांनी "तुम्ही नेमकं काय केलं ते लिहून द्या" म्हटलं, म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं मांडते आहे. आमचं कुठं चुकलं ते जरा जास्तच सविस्तर येईल, कारण दुसऱ्यांच्या उपयोगाचं तेच आहे.

तीन होळ्यांची एक

आमच्या कॉलनीत शहाऐंशी घरं. २०२३ पर्यंत एवढ्याशा जागेत तीन होळ्या पेटायच्या: एक कमानीजवळ, एक मारुतीच्या देवळामागं, एक मोकळ्या प्लॉटवर. तीन का, तर पूर्वी कधीतरी गणपतीच्या वर्गणीवरून भांडण झालं होतं आणि ते होळीला जाऊन चिकटलं. तिन्हीकडची लाकडं वखारीतून विकत यायची आणि वर पोरं आणतील ते. पोरं काय आणतात ते सांगायला नको. पूर्वी गोवऱ्या आणि मोडकी दारं चोरायची गंमत असायची. आता पोरांना सापडतात टायर, थर्माकोल, प्लायवुडचे तुकडे. कमानीजवळच्या होळीत एका वर्षी दोन टायर गेले आणि पुढचे दोन दिवस त्या गल्लीतल्या दम्याच्या आजींना खिडकी उघडता आली नाही. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली आहे, साध्या प्रकरणाला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर पंचवीस हजार रुपये दंड आहे. हा कागद मी बैठकीत वाचून दाखवला. कागदाचा परिणाम शून्य. आजींची सून उभी राहून चार वाक्यं बोलली, तेव्हा टायर बंद झाले.

तीनाची एक करताना लाकडाचा प्रश्नच आला नाही, प्रश्न आला मानाचा. होळी कोणाच्या दारात लागणार, नारळ पहिला कोणाचा? यावर दोन बैठका गेल्या. शेवटी कॉलनीतले सगळ्यांत वडीलधारे जिभाऊ म्हणाले, "मोकळ्या प्लॉटवर लावा, तो कोणाच्याच दारात नाही. आणि प्रत्येक गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई एकेक नारळ टाकेल. वयाचं भांडण करायचं असेल तर आधारकार्ड घेऊन या." हसण्यावारी मिटलं.

जळण काय वापरायचं, यावर आसोद्याकडे शेती असलेल्या नानांनी तोड काढली. कापूस निघाल्यावर शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभी राहतात. आपल्याकडे त्या उपटून बांधावर रचून ठेवायची पद्धत, चुलीला होतात म्हणून. पण गुलाबी बोंडअळी त्यातल्याच किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या हंगामात परत कपाशीवर येते. २०१७ साली राज्यभर कपाशीचं जे नुकसान झालं, त्यानंतर कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं: फरदड (वेचणी संपल्यावर त्याच कपाशीचं पुन्हा पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर ठेवू नका. नाना म्हणाले, "माझ्या बांधावर ट्रॉलीभर पडल्यात. तुम्ही नेल्या तर माझ्यावरच उपकार. फक्त ट्रॅक्टरचं भाडं द्या." कृषी पदवीला असलेला एक मुलगा म्हणाला, जाळण्यापेक्षा श्रेडरनं बारीक करून रानात गाडल्या तर जमिनीचं भलं होईल. त्याचं खरंच होतं. नानांनी त्याला विचारलं, "श्रेडर कधी येतो आमच्या गावात?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग असं ठरलं की श्रेडर आला की गाडायच्या, तोवर होळीपुरत्या आम्ही नेऊ, पण एका ट्रॉलीच्या वर नाही. मध्यभागी रिवाजाप्रमाणे एरंड, भोवती गोवऱ्या, बाहेरून पऱ्हाट्या. वखारीतलं एकही लाकूड नाही.

गोवऱ्यांचा धूर 'शुद्ध' असतो असं एका काकांनी मोठ्या विश्वासानं सांगितलं. धूर तो धूरच. फरक पडतो तो ओलं-सुकं याचा, म्हणून गोवऱ्या आठ दिवस उन्हात पसरल्या आणि पऱ्हाट्या खडखडीत वाळलेल्याच घेतल्या.

यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. पऱ्हाटी लाकडासारखी जळत नाही, ती फटकन पेट घेते. त्या वर्षी भद्रा, म्हणजे होळी पेटवायला पंचांगात वर्ज्य मानलेला काळ, रात्री अकरा वाजून गेल्यावर संपत होती, म्हणून होळी सव्वाअकराला पेटवली. पहिल्या मिनिटाला ज्वाळा पहिल्या मजल्याच्या गच्चीएवढी गेली. प्लॉटच्या कडेनं विजेची तार जाते. तार लांब होती म्हणून काही झालं नाही, पण वायरमन असलेल्या आमच्या शेजाऱ्यांचा चेहरा मी बघितला आहे. दहा मिनिटांत सगळ्या पऱ्हाट्या बसल्या आणि उरली गोवऱ्यांची संथ धग. ती मात्र सकाळपर्यंत टिकली. धुळवडीला लोकांनी तिच्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. पुढच्या वर्षी पऱ्हाट्यांच्या लहान मोळ्या बांधल्या आणि एकामागून एक टाकल्या.

पोळ्यांची कल्पना

'होळी लहान, पोळी दान' ही हाक महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते कितीतरी वर्षं देत आले आहेत. आमच्याकडे ती शाळेतून आली. दोन मुलींनी घरी येऊन आईला विचारलं, "आपण पोळी जाळतो का?" आपण जाळतोच. प्रत्येक घरची एक पोळी, कोणाच्या दोन, वर भात, वर नारळ. शहाऐंशी घरांच्या दीडशे पोळ्या तरी अग्नीत जायच्या.

ठरलं ते असं: प्रत्येक गल्लीची एकच पोळी होळीत टाकायची, बाकीच्या गोळा करून वीटभट्टीवरच्या मजुरांना द्यायच्या. भट्टी ठाऊक होती, कारण कॉलनीतल्या निम्म्या घरांच्या विटा तिथूनच आल्या आहेत. येता-जाता तिथली पोरं दिसतात. 'बिचारी' हा शब्द बैठकीत किती वेळा आला ते मोजायला हवं होतं.

एक खरी अडचण बायकांकडून आली. होळी पेटणार अकरानंतर, पोळ्या गोळा करणार सातला. मग नैवेद्याआधीच उष्ट्या झाल्या की! यावर तोडगाही बायकांनीच काढला: घरच्या देवापुढं नैवेद्य दाखवायचा आणि मग डब्यात भरायच्या. पुरुष मंडळी यावर तासभर शास्त्र बोलत होती, तोवर ओट्यावर हे ठरूनही गेलं.

आणि मग उत्साह वाढला. 'एक घर एक पोळी' म्हणून सुरू झालं आणि बायकांनी पाच-पाच, सात-सात पोळ्या केल्या. तीन घरांत अजून खापरावरचे मांडे होतात. उलट्या खापरावर हातानं पसरलेला तो मांडा हाताच्या दीड वीत रुंद, इतका पातळ की घडी घातली तर रुमालासारखा दिसतो. ते एकावर एक रचले की चिकटतात, म्हणून प्रत्येक घडीत केळीच्या पानाचा तुकडा. साठ वर्षांच्या एका वहिनींनी दुपारी दोनपासून खापरापुढं बसून चाळीस मांडे केले. मार्चअखेरीचं जळगाव, चूल, वर पत्रा. त्यांच्या मनगटाला वाफेचा चटका बसला होता, त्यावर त्यांनी तूप लावलं आणि पुढचा उंडा घेतला.

ते चाळीस मांडे घेऊन आम्ही रिकाम्या भट्टीवर उभे होतो.

त्या रात्री पोळ्यांचं काय झालं

आधी कोणाला तरी रेल्वे स्टेशन सुचलं. स्टेशनबाहेर झोपलेल्या लोकांनी, हमालांनी, रिक्षावाल्यांनी पोळ्या घेतल्या, आनंदानं घेतल्या. प्रवाशांकडे गेलो तर त्यांनी हात मागं घेतले. आणि नेमकं त्याच वेळी वरून भोंग्यातून चाललं होतं की अनोळखी व्यक्तीनं दिलेले खाद्यपदार्थ घेऊ नका. आम्हालाच हसू आलं. तिथं नव्वद गेल्या. मग सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटचे नातेवाईक पथाऱ्या टाकून असतात, तिथं एकशेचाळीस. एटीएमवरचे वॉचमन, पेट्रोल पंपावरची मुलं, रात्रपाळीचे पोलीस, असं करत साठ. साडेदहाला गाडीत एकशेबावीस पोळ्या उरल्या होत्या आणि तिकडे होळीची वेळ झाली होती.

सकाळी सातला क्रेट उघडले तर आंबूस वास. पुरण म्हणजे शिजलेली डाळ आणि गूळ, ओलसर. चाळीस अंशांच्या घरातल्या दिवसानंतर बंद क्रेटात रात्र काढली, तर ते टिकणार कसं? आम्ही गाईंना घालायला नेल्या. गोठ्यातल्या म्हाताऱ्या मावशींनी क्रेट बघितला आणि कपाळाला हात लावला. "अव माय, इतल्या पोळ्या कोन खाई? गायले एखादी द्या. जास्त दिनी ते पोट फुगी, मरी जाई." खरंच आहे ते, पुरण, कणीक, गूळ असं भरपूर पोटात गेलं की गुराच्या पोटात आंबण होतं आणि जनावर दगावतं, पोळ्याच्या सणाला बैलांच्या बाबतीत हे घडतं. आम्हाला शहरात राहून तेवढंही ज्ञान उरलं नव्हतं. पाच गाईंना पाच पोळ्या दिल्या. बाकीच्या कॉलनीच्या खताच्या खड्ड्यात गेल्या.

अग्नीत दीडशे पोळ्या जाऊ नयेत म्हणून आम्ही चारशे बारा केल्या आणि एकशेसतरा खड्ड्यात पुरल्या. वहीत मी ही ओळ तशीच लिहिली आहे. एका सभासदानं ती खोडायला सांगितली होती.

चूक कुठं होती

पहिल्यांदा सगळ्यांनी राखणदारावर, मग मालकावर, मग ज्यानं भट्टी सुचवली त्याच्यावर ढकललं. चूक साधी होती. जायच्या आधी भट्टीवर कोणी फिरकलं नव्हतं. त्यांना काय पाहिजे हे विचारणं दूर, ते तिथं असतील का एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

आणि हे अज्ञान जरा लाजिरवाणं आहे, कारण आपण खान्देशी माणसं. सातपुडा आपल्या गच्चीवरून दिसतो. या भट्ट्यांवर वीट पाडायला येणारी बरीच कुटुंबं पावरा, बारेला, भिल्ल अशी आदिवासी. चोपड्याच्या वरच्या पाड्यांतली, धडगावकडची, काही सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या सेंधव्याच्या बाजूची. त्यांच्या वर्षातला सगळ्यांत मोठा सण होळी. दिवाळीला एकवेळ माणूस कामावर थांबेल, होळीला नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. तिथं नवे कपडे, साखरेचे हार-कंगन, भाजक्या हरभऱ्याच्या डाळ्या, खजूर, ढोल घेऊन माणसं घरी जातात. पुढं होळ्या. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी फोटोंमुळे सगळ्यांना माहीत झाली आहे: उंच बांबूची होळी, रात्रभर ढोल, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या-बावा, डोक्यावर मोरपिसांचे टोप, पहाटे पेटणारी आग. नाचणारे पुरुष त्याआधी काही दिवस नवस म्हणून कडक नेम पाळतात. आणि सगळ्या गावांची होळी एकाच रात्री नसते, एकेका गावाची वेगळ्या दिवशी येते, म्हणून एकदा गेलेला माणूस आठ-दहा दिवस परतत नाही. हे सगळं आमच्यातल्या दोघा-तिघांना ठाऊक होतं. एकानं तर काठीला जाऊन फोटो काढले होते. पण फोटोतला तो नाचणारा आणि भट्टीवर वीट पाडणारा 'बिचारा' ही एकाच माणसाची दोन रूपं असतील हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

माझं मत विचाराल तर त्या रात्रीचं खरं नुकसान पोळ्यांचं नव्हतं. आम्ही ज्यांना सण द्यायला निघालो होतो, त्यांचा सण आमच्यापेक्षा मोठा होता.

फेब्रुवारी २०२५

पुढच्या वर्षी होळी गुरुवारी, १३ मार्चला. आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भट्टीवर गेलो. क्रेट नाही, पिशव्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, एवढं ठरवून गेलो. त्या दिवशी अकरा कुटुंबं होती. काम चालूच होतं: दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख मिसळलेला गारा, साच्यात भरायचा, हातानं सपाट करायचा, उलटा करायचा, पुढं सरकायचं. एक बाई आमच्याशी बोलत होती आणि तिचे हात थांबत नव्हते. बोलण्यात तिच्या बऱ्याच विटा पडल्या असतील.

आम्ही आमचं सांगितलं. पुरणपोळ्यांची गोष्ट ऐकून ती हसली आणि बाजूच्या बाईला पावरी बोलीत काहीतरी सांगितलं. तीही हसली. मग मराठीत म्हणाली, "आम्ही त्या दिवशी नसतो ना भाऊ. आधी सांगायचं ना."

काय लागतं, या प्रश्नाचं उत्तर लगेच आलं नाही. आधी "काही नको" आलं. मग इकडचं तिकडचं. मग हिशेब आला, आणि तो इतका चोख होता की मी तिथल्या तिथं वहीत उतरवून घेतला. चोपड्यापर्यंत एसटी आहे. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं तिथवर परवडतं. खरा मार पुढं. चोपड्याहून पाड्यावर जायला जीप, आणि भोंगऱ्याच्या दिवसांत जीपवाला दुप्पट मागतो, शिवाय माणसं टपावर. पोरं, भांडी, गोधड्या, कोंबड्या घेऊन एसटीत चढायचं, चोपड्याला उतरायचं, पुन्हा जीप शोधायची. गेल्या वर्षी एका कुटुंबाला चोपड्याच्या स्टँडवर रात्र काढावी लागली होती.

दुसरी गोष्ट बाई हळू बोलली. खर्ची. भट्टीवर माणूस येतो तो उचल घेऊन, आणि दर आठवड्याला खाण्यापुरती खर्ची मिळते. बाकी हिशेब हंगाम संपल्यावर, पावसाच्या तोंडाशी. होळीसाठी वेगळी खर्ची मिळते, पण ती मिळते अगदी निघायच्या आदल्या संध्याकाळी. तोवर भोंगऱ्या बाजार अर्धा उरकलेला असतो. "चार दिवस आधी दिली तर पोरांना कपडे घेता येतील."

पोळ्यांच्या, जुन्या कपड्यांच्या, चादरींच्या याद्या आम्ही घरून करून नेल्या होत्या. त्यातलं काहीही या बोलण्यात आलं नाही.

काय जमलं, काय नाही

गाडीचं जमलं. शहाऐंशी घरांचे शंभर-शंभर, म्हणजे आठ हजार सहाशे. क्रूझर ठरवली, भट्टीवरून थेट पाड्यापर्यंत, फेरीला दोन हजार दोनशे. तेरा माणसांच्या वर एकही नाही, टपावर फक्त सामान, हे जीपवाल्याकडून कबूल करून घ्यायला अर्धा तास लागला. त्याला तेरा हा आकडाच अन्यायाचा वाटत होता. तीन फेऱ्या ठरल्या, तिसरीसाठी पाचशे आगाऊ दिले.

हार-कंगनाची कल्पना बायकांची. आपल्याकडेही होळीला पोरांच्या गळ्यात साखरेचे हार घालतात. लाकडी साच्यात दोरा ठेवून पाक ओततात आणि गोठला की हार निघतो. उष्ण दिवसांतही टिकतो, प्रवासात फुटला तरी साखरच. भोंगऱ्यात ही माणसं तेच विकत घेतात, मग आपण घेऊन दिलं तर त्यांचे तेवढे पैसे कपड्याला वाचतील. बाराशे साठचे हार-कंगन आणि बाराशेच्या डाळ्या घेतल्या. कागदी पिशव्यांत भरल्या. प्लास्टिकची पिशवी नको यावर एका तरुण सभासदानं भाषण दिलं आणि स्वतःच हार गुंडाळायला प्लास्टिक घेऊन आला. पण ते जाऊ द्या.

खर्चीचं अर्धवट जमलं. कॉलनीत एकांचं बांधकाम चालू होतं, विटा त्याच भट्टीच्या. ते मालकाकडे गेले आणि म्हणाले, माझं बिल मी आठ दिवस आधी देतो, तुम्ही होळीची खर्ची रविवारीच द्या. मालकाला हे आवडलं नाही. "तुम्हाला विटा पाहिजेत का मजूर?" असं त्यानं विचारलं. शेवटी सात कुटुंबांना ९ मार्चच्या रविवारी खर्ची मिळाली. चार कुटुंबांना नाही. त्यांची उचल जास्त आणि पाडलेल्या विटा कमी, आणि एकदा गेले तर परत येणार नाहीत अशी मालकाला भीती. आम्ही दोनदा बोललो. ऐकलं नाही. आमच्यातल्या काहींचं म्हणणं पडलं की कॉलनीनं ती रक्कम भरावी. काहींचं, की आज भरली तर पुढच्या वर्षी अकराही कुटुंबांची आपल्याच माथी येईल. दोन्ही बाजूंना तथ्य होतं आणि पैसे कोणत्याच बाजूकडे नव्हते.

सोमवारी सकाळी दोन फेऱ्या गेल्या, सव्वीस माणसं. पहिल्या गाडीत टपावर दोन कोंबड्यांच्या डालग्या आणि एक ढोल होता. तो ढोल हंगामभर भट्टीवर होता, आणि आम्हाला कधी दिसला नव्हता.

होळीच्या दिवशी कॉलनीत पोळ्या केल्या, पण आकडा आधी ठरवून. दवाखान्याबाहेरच्या मंडळींना दोन दिवस आधी जाऊन विचारलं. तिथले काही लोक पथ्यावर, काहींना फक्त भाजी-पोळी हवी होती. शंभर पुरणपोळ्या, चाळीस साध्या आणि मोठ्या डब्यात कटाची आमटी असं नेलं. पुरण कोरडं शिजवायचं, साडेसहापर्यंत आणायचं, साडेआठच्या आत वाटून संपवायचं असा नियम केला. खड्ड्यात एकही गेली नाही.

पळसाच्या फुलांचा रंग त्याच वर्षी करून बघितला. सातपुड्याच्या पायथ्याला तेव्हा पळस ऐन फुलोऱ्यात असतो. फुलं रात्रभर भिजवून उकळली की सुंदर केशरी पाणी होतं. पोरांनी एकदा अंगावर घेतलं आणि म्हणाली, "हा तर चढतच नाही." धुळवडीला तो रंग बादलीत तसाच राहिला आणि शेवटी एका आजोबांनी त्यानं आंघोळ केली.

भट्टीवर जी चार कुटुंबं राहिली होती त्यांच्याकडे वहिनी होळीच्या संध्याकाळी गेल्या. चोवीस मांडे घेऊन, सोबत मी. भट्टीची धग सुरू होती, तिच्या बाजूला पोरांनी काड्या आणि दोन गोवऱ्या रचून एवढीशी होळी केली होती, गुडघ्याएवढी. तिच्याभोवती साखरेचे हार घातलेली चार पोरं. वहिनींनी एक मांडा उलगडून एका मुलीच्या हातावर ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून उजेडासमोर धरला आणि त्यातून विस्तवाकडे बघत राहिली. मग आईकडे बघून काहीतरी म्हणाली. आईनं आम्हाला अर्थ सांगितला नाही, नुसती हसली.

परत येताना वहिनी गाडीत काही बोलल्या नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "खर्ची भरली असती आपण तर?" मी म्हटलं, "वहीत तेवढे नव्हते." त्या म्हणाल्या, "वहीत नव्हते."

हिशेब असा: जमा ८,६००. क्रूझरच्या दोन फेऱ्या ४,४००, हार-कंगन १,२६०, डाळ्या १,२००, पऱ्हाट्यांच्या ट्रॅक्टरचं भाडं १,२००, तिसऱ्या फेरीचे आगाऊ ५००. शिल्लक ४०. तिसरी फेरी झाली नाही, म्हणून पाचशे परत मागायला मी जीपवाल्याला तीनदा फोन केला. तो म्हणतो, राहू द्या ताई, पुढच्या होळीला वळते करून घेऊ.